मागचं घसरलं तरी चालेल

सायकलच्या दुकानात टायर बदलायला आलेला माणूस जोडी मागतो. "दोन्ही एकसारखे द्या बरं का," हे वाक्य अकोले गावच्या स्टँडजवळच्या माझ्या दुकानात मी इतक्यांदा ऐकलंय की पुढं पुढं गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आतच मी मान डोलवायचो. चपला जोडीनं घ्यायच्या, बांगड्या जोडीनं, बैल जोडीनं, मग टायर का नाही? आता माझी बोटं आखडली, पान्हा हातात धरवत नाही. दुकान पुतण्या बघतो आणि मी दारात खुर्ची टाकून त्याच्या कामात खोट काढत बसतो. अशा रिकाम्या माणसाला गाठून आमच्या चर्चच्या मंडळीचा नाताळ अंक काढणाऱ्यांनी सांगितलं, "याकोबभाऊ, धंद्यातलं काही लिहा. फक्त उपदेश करू नका." उपदेशाला पाळकसाहेब आहेत. मी आपला टायरांबद्दल लिहितो. एकाच सायकलीवरच्या दोन वेगळ्या टायरांबद्दल.

ज्यांचा सायकलशी संबंध शाळेबरोबर संपला त्यांना आधी थोडं सांगायला हवं. मागचं चाक हे मजूर आहे. बसणाऱ्याचं वजन त्याच्यावर, पायडलचा जोर त्याच्यावर, कॅरिअरवरचं पोतंही त्याच्यावर. म्हणून मागचा टायर आधी झिजतो आणि माणसाला त्याचीच काळजी असते. पुढचं चाक वळायचं काम करतं. ब्रेक दाबला की सगळा भार पुढं येतो, तेव्हा सायकल खरी थांबवतं तेही पुढचंच. पण ते झिजत नाही, कुरकुरत नाही, त्यामुळं त्याच्याकडं कोणी बघत नाही.

आता डोंगरात चालवायच्या जाड टायरांच्या सायकली आल्यात. आमच्याकडं त्यांना सरसकट गिअरची सायकल म्हणतात. त्यांच्या टायरांवर रबराचे उंच ठोकळे असतात, त्यांना आम्ही बटणं म्हणतो. बटणं उंच आणि विरळ असली की ती चिखलात, मुरमात रुतून बसतात, पण चढावर सायकल जड जाते. बटणं बुटकी आणि दाट असली की सायकल हलकी पळते, पण ओल्या जागी तिचा भरवसा धरता येत नाही. एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचं समजायला काही अडचण नाही.

आणि एक रीत सांगतो, आमच्या धंद्यातली. नवा टायर नेहमी मागं जातो. पुढच्या चाकाच्या नशिबी नवा टायर नसतोच. आहे तोच तडकून फाटेपर्यंत चालवायचा, आणि फाटलाच तर मागचा घासलेला काढून पुढं टाकायचा. "पुढं काय, पुढं वजनच न्हाई," असं म्हणत नगर जिल्ह्यातल्या मिस्त्रींच्या पिढ्याच्या पिढ्या हेच करत आल्यात. तिकडं कोपरगावकडं सपाट मुलूख आहे, उसाच्या कडेकडेनं जाणारे सरळ रस्ते. तिथं ही रीत खपून जाते. आमचा अकोले तालुका म्हणजे चढ आणि उतार, मधे काही नाही, पण रीत आम्हीही तीच पाळायचो.

माझी ती समजूत मोडली संगमनेरच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंमुळं. सुट्टी मिळाली की या बाई एकट्या सायकल घेऊन भंडारदऱ्याच्या डोंगरात जायच्या. एकदा पंक्चर घेऊन माझ्याकडं आल्या. सायकल बघून मला त्यांची दया आली. पुढचा टायर रुंद, बोटाच्या पेरासारखी उंच बटणं. मागचा त्याहून अरुंद, बटणं बुटकी, दाट. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "बाई, तुम्हाला कोणीतरी फसवलं. दोन टायर दोन तऱ्हेचे बसवलेत. माझ्याकडं जोडी आहे, बदलून देतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "काका, तुम्हाला चालवता येते ना?" सायकलवाल्याला हे विचारणं म्हणजे आचाऱ्याला जेवता येतं का विचारण्यासारखं आहे, पण गिऱ्हाइकाशी वाद घालू नये. त्या म्हणाल्या, "मग या दुकानामागच्या उतारानं नदीपर्यंत जाऊन या. वळणावर मागचा ब्रेक जोरात दाबा."

प्रवरेकडं उतरणारी ती पायवाट म्हणजे नुसती खडी आणि माती. मी गेलो. वळणावर मागचा ब्रेक दाबला आणि मागचं चाक फर्रकन बाजूला गेलं. आता तोंडावर आपटणार आणि याच बाईंकडून दात बसवून घ्यावे लागणार, एवढाही विचार माझ्या मनात येऊन गेला. पण पुढचं चाक मी वळवलं तिथंच चाललं होतं. मागचं थोडं भरकटलं आणि वाट चुकलेलं करडू आईच्या मागं यावं तसं गुमान पुढच्याच्या मागं आलं. मी नदीच्या काठावर सायकल थांबवून नुसता त्या पुढच्या टायरकडं बघत उभा राहिलो. सगळी हयात सायकलीत गेली होती माझी.

वर आल्यावर बाईंनी सांगितलं ते असं. मागचं चाक घसरलं तर माणसाला सावरायला अवधी मिळतो. पुढचं घसरलं तर कळायच्या आत तो जमिनीवर असतो. म्हणून धरून ठेवणारा टायर पुढं घालायचा, जड चालला तरी. आणि मागं हलका पळणारा, कारण जोर सगळा मागच्या चाकाला लागतो, तिथं जडपणा नको. "मागचं घसरलं तरी चालेल," बाई म्हणाल्या, "पुढचं घसरायला नको." मी पंक्चर काढून दिलं आणि घरी जाऊन रूथला, म्हणजे आमच्या मंडळींना, हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं तुम्ही लोकांना उलटं बसवून देत होता?" बायकोला काही सांगायची सोय नाही.

पुढं मी येईल त्याला हे सांगायला लागलो. लोकांना पटेना. कोपरगावचे एक साहेब, शुगर फॅक्टरीतून निवृत्त झालेले, जावयाकडं अकोल्याला राहायला आले होते. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून त्यांनी गिअरची सायकल घेतली. मी दोन टायरांचं पुराण लावलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मिस्त्री, गोदामात उरलेला एकेकटा माल खपवायची ही युक्ती चांगली आहे." त्यांना मी मुकाट एकसारखी जोडी दिली. एका आजींनी नातवाच्या सायकलची पूजा करताना टायर वेगळे बघितले आणि अपशकुन नको म्हणून सायकल परत पाठवली. पुण्याकडचे हौशी लोक यायचे, त्यांच्या दोन्ही चाकांना उंचच उंच बटणं, घाट चढताना जीव अर्धा व्हायचा, पण फोटोत सायकल कशी दणकट दिसते. मला वाईट वाटायचं ते एवढ्याचंच. जे इतकं थक्क करणारं आहे ते मी रोज लोकांपुढं मांडत होतो आणि त्यांना त्यात दुकानदाराची चलाखी दिसत होती.

मग लक्ष्मण आला. त्याची वाडी भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात. भाताची चार खाचरं, थोडी नाचणी, आणि पर्यटकांचे तंबू लागतात तिथं पडेल ते काम. त्याचा डावा हात मनगटाच्या वरून गेलेला होता. मळणीच्या यंत्रात गेला. तंबूवाल्यांनी त्यांची एक जुनी गिअरची सायकल त्याला दिली होती, आणि हा पठ्ठ्या ती एका हातानं चालवायचा. हँडलच्या डाव्या बाजूला फडक्याची जाड गुंडाळी बांधलेली, त्यावर तो तुटका हात टेकवायचा. उजवा हात हँडलवर. त्या दिवशी जीपच्या टपावर सायकल टाकून तो आला, आणि बरोबर त्याची बायको, पारू.

"मिस्त्री, एवढी नीट करून द्या," लक्ष्मण म्हणाला.

"नीट काय न्हाई करायची. इकायची हाय," पारू म्हणाली. "काय येतंय ते सांगा, भाऊ."

मी म्हटलं, "तुम्ही दोघं आधी ठरवा, तोवर मी चहा सांगतो."

चहा पिता पिता सगळं कळलं. त्यांना एकच मुलगी, जाई. वाडीतली शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून खालच्या गावात उतरावं लागतं, आणि वाडीवर एसटी येत नाही. एवढी लहान पोर पावसाळ्यात त्या वाटेनं एकटी चालत धाडायची नाही, म्हणून लक्ष्मण तिला कॅरिअरवर बसवून खाली सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. आठवड्याभरापूर्वी ओढ्याजवळच्या वळणावर दोघं पडले. जाईची हनुवटी फाटली, टाके पडले. त्याच दिवशी पारूनं ठरवलं की पोरीला लांबच्या आश्रमशाळेत ठेवायचं. पत्र्याची पेटी आणली, कपडे भरले. सोमवारी जीपनं मुलगी जाणार होती.

"न्हाई जायाची म्हनती ती," लक्ष्मण माझ्याकडं न बघता म्हणाला. "जेवत न्हाई दोन दिस. आन मला तरी... एकच लेकरू हाय."

"मला काय हाउस हाय का?" पारू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कप तिनं तसाच खाली ठेवला. "जिती राहिली तर सुट्टीत तरी दिसंल. ह्यांच्या मागं बसली तर एक दिस न्हाई दिसायची."

मी सायकलकडं वळलो. मागं कोराकरकरीत टायर, बुटक्या बटणांचा. पुढच्यावर हात फिरवला तर नुसता गुळगुळीत. विचारलं, तेव्हा लक्ष्मण म्हणाला की पडायच्या जरा आधीच बाजारातल्या मिस्त्रीकडून बसवून घेतलं होतं. "नवा मागं टाकला, मागचा पुढं. पुढं वजन नसतंय म्हनला."

त्यात आणखी एक. सायकलला दोन ब्रेक, दोन दांडे. डावा दांडा मागच्या चाकाचा, तो याला दाबता येत नव्हता. म्हणजे हा माणूस ओल्या कातळावरून, पोरीला मागं बसवून, फक्त पुढच्या ब्रेकवर, गुळगुळीत टायरानं उतरत होता. दोन हातांचा माणूस पुढचं चाक सुटलं तर क्वचित कधी हिसका मारून वाचतो. याला तीही सोय नव्हती. पडला याचं नवल नव्हतं. इतके दिवस पडला नव्हता याचं होतं, आणि मी त्याच्या त्या एका हाताकडं बघतच राहिलो.

मी दोघांना सगळं सांगितलं. पुढं उंच बटणांचा, मऊ रबराचा रुंद टायर घालू. मागचा आहे तो राहू दे. आणि दोन्ही ब्रेकच्या तारा एकाच उजव्या दांड्याला जोडू, मागचा किंचित आधी धरेल असा.

पारूनं कपाळाला आठ्या घातल्या. "दोन चाकांना दोन टायर? आमच्यासारख्यांना उरलंसुरलं लावता व्हय, भाऊ?"

साहेबांपासून आजींपर्यंत सगळ्यांकडून ऐकलेलं तेच. मी पुन्हा समजवायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी लक्ष्मण बोलला.

"पारे, मळणीला खळ्यात बा बैल कसं बांधायचा? मधल्या मेढीच्या खांबापाशी म्हातारा, कडंला तरणा. बरूबर?"

"व्हय. मेढीपाशी जागच्या जागी फिरायचं. कडंच्याला लई चालाया लागतंय."

"मंग दोन्ही तरणं का न्हाई बांधायचा?"

"मेढीपाशी तरणा बांधला तर त्यो ओढ काढतोय. बैलांची पात बिघडती."

"तसंच हाय हे. दोघांचं काम येगळं."

पारू त्या गुळगुळीत टायरवरून हात फिरवून बघायला लागली. मी मात्र हातातला पान्हा खाली ठेवला. डॉक्टरीणबाईंनी मला नदीपर्यंत पिटाळून जे शिकवलं, आणि ज्यासाठी मी पुढं एवढ्या लोकांशी घसा कोरडा केला, ते या दोघांच्या खळ्यात मळणीच्या गोल वाटेवर आधीपासून चालत होतं. मला माझ्या धंद्याबद्दल पहिल्यांदाच असं वाटलं की हा काही नुसता माझा धंदा नाही.

काम झालं. पुढच्या टायरवर बाण असतो, चाक ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेला तो हवा, तो दोनदा बघून घेतला. हवा जरा कमीच ठेवली, म्हणजे टायर दगडाला दबून धरतो. तारा ओढून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. लक्ष्मणनं रस्त्यावर एक चक्कर मारली आणि त्याचा चेहरा खुलला. पारूचा नाही.

"हितं डांबरावर समदंच ब्येस चालतंय," ती म्हणाली. "भाऊ, तुमी रविवारी वाडीवर या. तुमच्या म्होरं ह्ये उतरतील. मागं म्या बसंन."

"तू कशाला?" लक्ष्मण दचकून म्हणाला. "तुझं वजन हाय, वाट वली हाय."

"पोरीला बशिवली तवा वाट कोरडी हुती का?"

रविवारची उपासना बुडवून मी गेलो. रूथनं आधी नाक मुरडलं, मग कारण कळल्यावर स्वतःच डबा भरून दिला आणि म्हणाली, "मी तिकडं चर्चमध्ये प्रार्थना करते, तुम्ही इकडं डोळे उघडे ठेवा." काळी-पिवळी जीप जिथं रस्ता संपतो तिथं खाली सोडून गेली. पाऊस बारीक, पण न थांबणारा, आणि धुकं इतकं की खालचं धरण असून नसल्यासारखं. आमच्या घाटात पावसाळ्यात कातळावर हिरवं शेवाळ धरतं आणि कातळ सुटला की लाल चिखल. त्या वाटेनं मी चालत वर चढलो तो प्रत्येक झुडपाला धरत. ओढ्याजवळच्या वळणावर जाई उभी होती. हनुवटीला पांढरी पट्टी, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं.

"इथंच पडला होता ना?" मी विचारलं.

तिनं मान हलवली आणि वर बघत राहिली. मीही बघत राहिलो. खरं सांगतो, दुकानात सगळं छातीठोकपणे सांगितलेलं असतं, पण तिथं उभं राहिल्यावर हिशेब वेगळाच दिसायला लागला. टायर आणि जमीन यांची भेट असते ती जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. दोन माणसांचे जीव, एका पोरीचं घर, सगळं त्या तळहाताएवढ्या रबरावर ठेवून मी मोकळा झालो होतो. माझ्या शब्दावर ती बाई कॅरिअरवर बसणार होती. हे सगळं इथंच थांबवावं, नको म्हणून ओरडावं, असं वाटेपर्यंत धुक्यातून ब्रेकची करकर ऐकू आली.

लक्ष्मण उतरत होता. हळू नाही आणि घाईतही नाही. उजवा हात दांड्यावर, डावा त्या गुंडाळीवर, नजर सरळ पुढं. मागं पारू, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांनी त्याची कंबर धरलेली. तिचे डोळे मिटलेले नव्हते. वळणाच्या तोंडाशी शेवाळलेला कातळ होता. पुढचं चाक त्यावर चढलं, उतरलं, चिखलात रुतलं. मग मागचं चाक कातळावर आलं आणि घसरलं. सगळा मागचा भाग ओढ्याकडं फिरला. जाईनं माझा शर्ट धरला.

लक्ष्मणनं काहीच केलं नाही. हिसका दिला नाही, पाय टेकला नाही. त्यानं मागचं घसरू दिलं आणि पुढचं जिकडं न्यायचं तिकडं नेलं. क्षणभर ती सायकल आणि ती दोन माणसं वाटेवर तिरकी तरंगल्यासारखी झाली, आणि मग मागचं चाक पुढच्याच्या मागं आलं. दोघं माझ्या समोरून गेले. मी टोपी काढली. का काढली ते मला तेव्हा कळलं नाही, पण भर पावसात मी टोपी हातात धरून उभा होतो, चर्चमध्ये उभा राहतो तसा.

खाली सपाटीला सायकल थांबली. पारू उतरली आणि एकटीच चालत वर वळणापर्यंत आली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. ती चिखलाकडं बघत होती. तिथं दोन चाकांच्या दोन खुणा उमटल्या होत्या. मागच्याची खूण ओढ्याकडं हातभर फराटलेली, पुसट. पुढच्याची रेघ बटणांच्या ठशांनी भरलेली, वळणाबरोबर वळत गेलेली. कुठंच तुटलेली नव्हती. पारू त्या रेघेच्या कडेकडेनं चार पावलं चालली, पायाच्या अंगठ्यानं एक ठसा दाबून बघितला. पावसानं ठशांत पाणी साचायला लागलं होतं.

"हितंच पडली हुती माझी पोर," ती म्हणाली. मला की स्वतःला, कोण जाणे.

मग तिनं मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज रोजचाच होता, पोरीला पाणी आणायला सांगावं तसा.

"जाई, घरी जा. त्या पेटीतली कापडं काढून दांडीवर टाक, कुबट व्हतील."

जाई वाडीकडं जी पळत सुटली, ती त्या शेवाळावरून अशी गेली की आता ही नक्की घसरणार म्हणून मी डोळे मिटले. नाही घसरली.